विद्यापीठ एकच, कॉलेजं अनेक: बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना काय पाहावं?

बारावीचा निकाल लागला की लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी या बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गावांमध्ये एका प्रश्नावर घरोघरी चर्चा सुरू होते. पोरीला बारामतीला घालायचं, इंदापूरला घालायचं, की थेट पुण्याला पाठवायचं? कोणीतरी काका, मामा किंवा गावातले सर ठरलेलं उत्तर देतात, "कुठंही घाला, डिग्री पुणे विद्यापीठाचीच मिळणार आहे."

हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. पदवी प्रमाणपत्रावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाव असतं हे खरं. मात्र पेपर कोण काढणार, फी किती लागणार, तिसऱ्या वर्षी हवा तो विषय मिळणार का आणि दुपारचं प्रॅक्टिकल संपल्यावर घरी जायला एसटी असणार का, हे सगळं कॉलेजवर ठरतं. प्रवेशाच्या धावपळीत नेमक्या याच गोष्टी विचारायच्या राहून जातात. त्या एकेक करून समजून घेऊ.

एकाच विद्यापीठात इतकी कॉलेजं कशी?

भारतातली पहिली तीन आधुनिक विद्यापीठं, म्हणजे मुंबई, कोलकाता आणि मद्रास, १८५७ मध्ये स्थापन झाली. त्यांच्यासमोर तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा नमुना होता. विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवायचं काम कॉलेजांनी करायचं, अशी ही विभागणी. पुण्यातली फर्ग्युसनसारखी कॉलेजं सुरुवातीला मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालं आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव देण्यात आलं. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं त्याला संलग्न आहेत.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्येही एका विद्यापीठात अनेक कॉलेजं असतात, पण तिथली व्यवस्था वेगळी आहे. तिथं कॉलेज प्रवेश देतं, राहण्याजेवणाची सोय करतं, लहान गटांत मार्गदर्शन करतं. लेक्चर, प्रयोगशाळा आणि परीक्षा ही मुख्यतः विद्यापीठाच्या विभागांची जबाबदारी असते. त्यामुळे तिथं कॉलेज कोणतंही मिळालं तरी लेक्चर हॉल आणि प्रयोगशाळा सामायिक असते.

आपल्याकडे शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे सगळं कॉलेजचं असतं. बीएस्सी करणारा विद्यार्थी तीन वर्षांत गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात एकदाही गेला नाही, असं सहज होऊ शकतं. म्हणूनच कॉलेज कोणतं हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यासाठी जास्त महत्त्वाचा ठरतो.

या भागात पर्याय कोणते?

बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेलं टी. सी. कॉलेज, १९६२ पासून आहे. त्याला स्वायत्त दर्जा आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानची कला, विज्ञान व वाणिज्य, अभियांत्रिकी आणि विधी अशी वेगवेगळी महाविद्यालयं बारामतीत आहेत. माळेगावजवळ शारदानगरला मुलींसाठी शारदाबाई पवार महिला महाविद्यालय आहे. तालुक्याच्या पश्चिमेला सोमेश्वरनगरला मु. सा. काकडे महाविद्यालय आहे.

इंदापूर शहरात कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे, तर कळंब-वालचंदनगरला विश्वासराव रणसिंग महाविद्यालय आहे. म्हणजे लासुर्णे किंवा जंक्शनच्या विद्यार्थ्यापुढे बारामती, इंदापूर आणि कळंब असे तीन पर्याय रोज घरून ये-जा करता येण्यासारखे असतात.

बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी पुणे विद्यापीठात सगळ्या कॉलेजांची मिळून एक केंद्रीय प्रवेश प्रक्रिया नाही. प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी, तारखा वेगळ्या. एकाच कॉलेजचा फॉर्म भरून यादीची वाट पाहत बसलं आणि त्यात नाव आलं नाही, तर तोवर दुसरीकडची मुदत संपलेली असू शकते. त्यामुळे किमान दोन ठिकाणी अर्ज करणं शहाणपणाचं.

संलग्न आणि स्वायत्त यात फरक काय?

साध्या संलग्न कॉलेजमध्ये विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवला जातो, परीक्षा विद्यापीठाच्या नियमानं होते आणि गुणपत्रिका विद्यापीठाची असते. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम स्वतः तयार करतं, पेपर स्वतः काढतं, तपासतं आणि निकालही स्वतः लावतं. पदवी मात्र विद्यापीठच देतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार त्या प्रमाणपत्रावर कॉलेजचं नावही येतं.

विद्यार्थ्याच्या दृष्टीनं याचे तीन परिणाम होतात.

पहिला, निकाल आणि तक्रार. स्वायत्त कॉलेजचा परीक्षा नियंत्रक त्याच आवारात बसतो. गुण कमी वाटले, उत्तरपत्रिकेची प्रत हवी असली, गुणपत्रिकेत नाव चुकलं, तर काम तिथल्या तिथं होण्याची शक्यता जास्त. संलग्न कॉलेजमध्ये हाच अर्ज विद्यापीठाकडे जातो.

दुसरा, अभ्यासक्रम. स्वायत्त कॉलेज नवा विषय लवकर आणू शकतं, जवळच्या उद्योगांना उपयोगी पडेल असा पेपर ठेवू शकतं. पण आणलाच असेल असं नाही. त्यामुळे "आमचं कॉलेज स्वायत्त आहे" एवढ्यावर न थांबता अभ्यासक्रमाची पीडीएफ वेबसाइटवरून उतरवून पाहावी.

तिसरा, कॉलेज बदलणं. पहिलं वर्ष एका संलग्न कॉलेजमध्ये करून दुसऱ्या वर्षी दुसऱ्या संलग्न कॉलेजमध्ये जाणं तुलनेनं सोपं असतं, कारण अभ्यासक्रम तोच असतो. संलग्नमधून स्वायत्तमध्ये किंवा उलट जाताना विषय आणि क्रेडिट जुळतात का, हे तपासावं लागतं. जुळले नाहीत तर राहिलेले विषय जादा द्यावे लागू शकतात. "पहिलं वर्ष इंदापूरला करू, मग बारामतीला जाऊ" असा बेत असेल, तर पहिल्या वर्षाचा प्रवेश घेण्याआधीच बारामतीच्या कॉलेजात चौकशी करावी.

मग स्वायत्त कॉलेज चांगलंच का?

स्वायत्तता म्हणजे अधिकार. तो कसा वापरला जातो हे विभागानुसार बदलतं. एकाच कॉलेजात रसायनशास्त्र विभाग भक्कम आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग दोन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चाललेला, असं असू शकतं. म्हणून कॉलेजचं नाव पाहून झालं की विभाग पाहावा. पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत? प्रयोगशाळेत एका उपकरणावर किती विद्यार्थी असतात? त्याच विषयात तिथं एमएस्सी किंवा एमए आहे का? पदव्युत्तर वर्ग चालणाऱ्या विभागात प्रयोगशाळा आणि पुस्तकं सहसा बरी असतात.

नॅकची श्रेणी हाही एक निकष आहे, पण जपून वापरावा. ती संपूर्ण कॉलेजची असते, विभागाची नव्हे. तिची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची असते. गेटवरच्या फलकावर "ए प्लस" लिहिलं असेल, तर ते कोणत्या वर्षाचं आहे तेही वाचावं. कॉलेज स्वायत्त आहे का, याची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेबसाइटवर असते.

एकाच कॉलेजात फी वेगवेगळी का असते?

पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. "त्या कॉलेजची फी किती?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. अनुदानित तुकडीतल्या मंजूर प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे फी कमी असते. विनाअनुदानित तुकडीचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. नेहमीची बीए, बीकॉम, बीएस्सी अनुदानित आणि कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक्नॉलॉजीसारखे नंतर सुरू झालेले अभ्यासक्रम विनाअनुदानित, असं चित्र अनेक जुन्या कॉलेजांत दिसतं. इमारत तीच, गेट तेच, पण फीत मोठा फरक.

म्हणून प्रश्न असा विचारावा: "या अभ्यासक्रमाची ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? तिन्ही वर्षांची मिळून फी किती?" पहिल्या वर्षाची फी ऐकून प्रवेश घेतला आणि पुढं प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क वाढत गेलं, तर मधेच कॉलेज सोडणं परवडत नाही.

शिष्यवृत्तीचंही तसंच. तुमचं कॉलेज आणि तुमचा अभ्यासक्रम महाडीबीटी पोर्टलच्या यादीत असेल तरच तिथं अर्ज भरता येतो. तो यादीत आहे का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर आधीच विचारावं. पुणे विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना चालते. ती आपल्या कॉलेजात आहे का आणि किती मुलांना काम मिळतं, तेही विचारावं.

नव्या धोरणात कॉलेजची निवड जास्त महत्त्वाची का झाली?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झालं. आता पदवीत एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि एक दुय्यम विषय, म्हणजे मायनर असतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं.

कागदावर विषयांची निवड खूप मोठी दिसते. प्रत्यक्षात कॉलेज जे विषय चालवतं तेवढेच मिळतात. छोट्या कॉलेजात विद्यार्थी कमी असले तर एखादा विषय मेजर म्हणून चालवला जात नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात करिअर करायचं ठरवलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षी कळलं की इथं तो विषय फक्त मायनर आहे, तर तिच्यापुढचे रस्ते अरुंद होतात.

म्हणून प्रवेशाआधी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. मला हवा तो विषय इथं मेजर म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो का? आणि चौथं वर्ष इथं आहे का? पहिलं वर्ष सुरू झालं की अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढून ठेवावा. कॉलेज बदलायची वेळ आली तर क्रेडिटची नोंद तिथं सापडते.

नदी ओलांडली की काय बदलतं?

इंदापूर आणि बारामतीच्या दक्षिणेला नीरा वाहते. नीरेपलीकडं फलटण लागतं. तो सातारा जिल्हा, म्हणजे शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. अकलूज सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. बावडा किंवा नीरा नरसिंहपूरच्या मुलाला बारामतीपेक्षा अकलूज कितीतरी जवळ पडतं. तिथं शिकायला काहीच हरकत नाही, पण विद्यापीठ बदलतं हे लक्षात असावं. पुढं एमएस्सीसाठी पुणे विद्यापीठात यायचं झालं तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेची प्रक्रिया करावी लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अकरावीतच ठरते. इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, "होम युनिव्हर्सिटी" नावाचा निकष असतो. तो विद्यार्थ्याच्या गावावरून ठरत नाही. बारावी ज्या भागातल्या कॉलेजातून केली त्यावरून ठरतो. इंदापूर तालुक्यातल्या मुलानं अकलूजमधून बारावी केली तर त्याचं होम युनिव्हर्सिटी सोलापूर होतं. पुण्याच्या अनेक इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या जागांचा मोठा वाटा पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातून बारावी झालेल्यांसाठी असतो. त्या वाट्यातून हा मुलगा बाहेर पडतो, आणि हे त्याला दोन वर्षांनी ऑप्शन फॉर्म भरताना समजतं. धाकट्या भावंडाच्या अकरावीच्या वेळी हे ध्यानात ठेवायला हवं.

एकाच गावातल्या सगळ्या कॉलेजांचं विद्यापीठही एकच असतं असं नाही. बारामतीतलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. कृषी अभ्यासक्रमांसाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ असतं. राज्यातली काही इंजिनीअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. माहितीपत्रकावर विद्यापीठाचं नाव वाचल्याशिवाय गृहीत धरू नये.

बीबीए, बीसीए आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचं काय?

२०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएससाठी राज्यात सीईटी सुरू झाली. त्याआधी हे प्रवेश कॉलेज पातळीवर बारावीच्या गुणांवर होत, त्यामुळे "निकालानंतर बघू" म्हणणारे अजूनही अडकतात. काही कॉलेजांनी मिळत्याजुळत्या विषयांचे, पण वेगळ्या नावाचे अभ्यासक्रम ठेवले आहेत, ज्यांना ही सीईटी लागत नाही. असा प्रवेश घेताना पदवीवर नेमकं काय नाव येणार, हे लेखी पाहून घ्यावं.

मुलींसाठी एक महत्त्वाचा निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. कॅपच्या फेऱ्या संपण्याआधीच घाईनं मॅनेजमेंटची जागा घेतली, तर हा फायदा हातचा जातो.

रोजच्या प्रवासाचा हिशेब कसा करायचा?

बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेल्यावर तो बंद होतो. त्यानंतर विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. आतापर्यंत प्रवासावर शून्य खर्च असलेल्या घराला हा नवा खर्च येतो आणि मुलीचं शिक्षण थांबवायचं निमित्त अनेकदा इथूनच सुरू होतं. फीइतकाच त्याचाही हिशेब आधी मांडायला हवा.

पैशांबरोबर वेळही मोजा. इंदापूर ते बारामती साधारण ५० किलोमीटर. विज्ञान शाखेची प्रॅक्टिकल दुपारी असतात. ती संपल्यावरची एसटी कोणती, ती चुकली तर पुढची किती वाजता, थांब्यापासून घर किती लांब, हे एक दिवस प्रत्यक्ष जाऊन पाहावं. सोबत पालक असतील तर उत्तम. टर्म मान्य होण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. बस चुकली म्हणून पहिलं लेक्चर रोज बुडत असेल, तर लांबचं नामांकित कॉलेज कागदावरच चांगलं राहतं.

पुण्याला पाठवणं कधी योग्य?

पुण्यात हॉस्टेल किंवा कॉट बेसिस, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च मिळून अनुदानित तुकडीच्या फीच्या कितीतरी पट होतो. हा खर्च करावा असं ठोस कारण असेल तर जरूर करावा. हवा तो विषय इथं मेजर म्हणून नाही, त्या विषयाचा नावाजलेला विभाग तिथं आहे, किंवा पदवीसोबत असं काही शिकायचं आहे ज्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी नाही, ही ठोस कारणं आहेत. "पुण्यात राहून एमपीएससी करेन" हेही अनेकांचं कारण असतं. पण मग पदवीच्या कॉलेजात हजेरी कधी लावणार, याचं उत्तर घरात आधी मिळालेलं बरं.

केवळ "पुण्याचं कॉलेज" म्हणून विनाअनुदानित तुकडीत प्रवेश घेणं, आणि तोच अभ्यासक्रम बारामतीत किंवा इंदापुरात अनुदानित असणं, हा मात्र घाट्याचा व्यवहार आहे.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन हे विचारा

१. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे? स्वायत्त आहे का, आणि कधीपर्यंत?
२. ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? तिन्ही वर्षांची एकूण फी किती?
३. माझा विषय मेजर म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो का? चौथं वर्ष आहे का?
४. या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती? प्रयोगशाळा पाहता येईल का?
५. हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर आहे का?
६. प्रॅक्टिकल किती वाजता संपतात? मुलींचं वसतिगृह आहे का?
७. प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंत?

या सातही प्रश्नांची उत्तरं ऑफिसमधल्या खिडकीवर मिळतील असं नाही. विभागात जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठलं, तर चौथ्या आणि सहाव्या प्रश्नाचं खरं उत्तर पाच मिनिटांत कळतं. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा करण्याआधी ही एक फेरी मारावी. कागदपत्रं एकदा एका कॉलेजच्या फायलीत गेली की ती सोडवून दुसरीकडं नेण्यात दिवस जातात, आणि तेवढ्यात दुसऱ्या कॉलेजची यादी बंद झालेली असते.